चावलं मला, भ्याली ती

रंकाळ्यावर सकाळी फिरायला येणाऱ्यांत आमच्या पेठेतला एक पैलवान आहे. कुस्ती सुटून बरीच वर्षं झाली, पण अंग अजून तसंच. मान कुठं संपते आणि खांदा कुठं सुरू होतो ते सांगता येत नाही. दोन्ही कान मोडून मोडून मिटलेले. उमेदीच्या काळात त्यानं खासबागेत भल्याभल्यांना चितपट केलंय, आणि ते किस्से गल्लीतली पोरं अजून एकमेकांना सांगतात. मागच्या हिवाळ्यात एकदा आम्ही दोघं शालिनी पॅलेसच्या बाजूनं चाललो होतो. बोलणं ऊसदराचं चाललं होतं, म्हणजे तोच बोलत होता. बोलता बोलता गप्प झाला, आणि बघतो तर माझ्या उजव्या हाताला असलेला माणूस डाव्या हाताला गेलेला. समोर पदपथावर एक काळंपांढरं कुत्रं कोवळ्या उन्हात चारी पाय ताणून झोपलेलं. कुत्रं कसलं, नुसत्या बरगड्या. झोपेतच मागचा पाय मधूनच झटका द्यायचं, स्वप्नात कुणाच्या तरी मागं लागलं असणार. "सर, जरा अलीकडनं जाऊया की," पैलवान म्हणाला. आवाज एकदम खाली आलेला. मग साठ किलोच्या मास्तरानं सव्वाशे किलोच्या पैलवानाला आडोसा देत त्या कुत्र्याच्या पलीकडं नेलं. तिथं पोचल्यावर मी विचारलं, "का रं, कधी चावलंय काय?" "छ्या! एकदाबी न्हाई."

एकदाही नाही.

घरी येऊन चहा घेतला, पेपर चाळला, शाळेत जाऊन दोन तास घेतले, तरी ते डोक्यातून जाईना. कारण मला लहानपणी कुत्रं चावलंय. चाटून गेल्यासारखं नाही, चांगलं सडकून. उजव्या पोटरीवर खूण अजून आहे, पँट वर केली की दिसते. आणि मी दिसेल त्या कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवणारा माणूस आहे. दारात आलं की आधी भाकरी शोधतो. बायको हात धुवायला लावते, मी धुतो, पुन्हा बाहेर गेलो की पुन्हा तेच. म्हणजे ज्याला चावलं तो असा, आणि ज्याला कधी दातसुद्धा लागला नाही त्याची ही अवस्था. आपण किती सहज म्हणतो, "लहानपणी चावलं असेल, म्हणून भितोय." वाक्य इतकं गुळगुळीत झालंय की ते खरं आहे का, हे कुणी तपासत नाही.

आमचं जुनं घर मंगळवार पेठेत. समोरासमोर कौलारू घरं, मधून गटार, गल्लीच्या तोंडाला तालीम. त्या गल्लीत चंपी नावाची कुत्री होती. कुणाची म्हणाल तर कुणाचीच नाही, आणि भाकरी घालायला सगळी. सकाळी आमच्या पायरीवर, दुपारी टेलरच्या दुकानाच्या फळीखाली, रात्री तालमीच्या दारात. मी तिच्या कानातल्या गोचिड्या काढायचो. त्यामुळं ती व्याली तेव्हा पिल्लं बघायचा पहिला मान माझा, असं मला वाटलं. तालमीमागं जळणाचा ढीग होता, त्याच्या पोटात तिनं जागा केली होती. मी ओणवा होऊन आत डोकं घातलं. ओल्या लाकडाचा, दुधाचा आणि धुळीचा मिसळलेला वास. डोळे न उघडलेली चार-पाच पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढत होती. त्यातलं एक उचललं. तळहातात मावेल एवढं, आणि इतकं गरम की मला नवल वाटलं. ते बारीक कुईकुई करायला लागलं, आणि मागून चंपी आली.

दुखलं नंतर. आधी नुसता दाब कळला, अडकित्त्यात सापडल्यासारखा. मग पिल्लू हातातून सुटलं आणि तिनं माझा पाय सोडला. सोडून ती पळाली नाही, पिल्लांच्या आणि माझ्या मध्ये उभी राहिली. ओठ वर चढलेले, अंगावरचे केस उभे, पण शेपूट मात्र पोटाखाली. ती शेपूट मी बघितली होती. मला चावणारी चंपी स्वतःच भ्यालेली आहे हे तिसरी-चौथीतल्या पोराला कसं कळलं सांगता येत नाही, पण कळलं. राग आला नाही. तिचं लेकरू मी उचललं होतं, तिनं मला हाणलं. आमच्या गल्लीचा न्याय असाच होता.

पुढं जे झालं त्यात मात्र न्याय वगैरे काही नव्हता. आई पिठाच्या हातांनी ओरडत धावत आली. आजीनं तिखटाचा डबा उघडला आणि मूठभर चटणी जखमेत दाबली. आता कोल्हापूरची चटणी म्हणजे काय हे मी लिहायला नको. आजूबाजूला गर्दी, प्रत्येकाचा वेगळा उपाय. कुणी चुना म्हणतंय, कुणी उतारा करणारा माणूस माहीत आहे म्हणतंय. ज्याची खरी गरज होती ते कुणीच केलं नाही, म्हणजे वाहत्या पाण्याखाली साबण लावून चांगली पंधरा मिनिटं जखम धुणं. एवढ्या साध्या गोष्टीनं निम्मं काम होतं, हे मी आता वर्गात पोरांना दरवर्षी सांगतो. तिखट, हळद, चुना यातलं काही नको. पाणी, साबण आणि त्याच दिवशी दवाखाना.

दवाखाना म्हणजे त्या वेळी पोटातली इंजेक्शनं. माझ्या वयाच्या माणसाला हे दोन शब्द पुरेत. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती लस. डेव्हिड सेंपल नावाच्या ब्रिटिश डॉक्टरनं १९११ साली कसौलीत तयार केली आणि ती आपल्या देशात २००४-०५ च्या सुमारापर्यंत चालली. रोज एक, बेंबीच्या आजूबाजूला, आणि लोकांच्या तोंडी आकडा चौदा. माझी नेमकी किती झाली ते आठवत नाही. आठवतो तो स्टीलचा ट्रे, उकळत्या पाण्यातून चिमट्यानं काढलेली काचेची सिरिंज आणि स्पिरिटचा वास. बाकावर रांगेनं बसलेली पोरं, सगळ्यांचे शर्ट वर गुंडाळलेले, पोटावर निळसर गाठी. कंपाउंडर चांगला माणूस होता, टोचायच्या आधी बोटानं टिचकी मारून "झालं झालं" म्हणायचा. पण अजून काही झालेलं नसायचं, आणि पोरांना ते पक्कं माहीत असायचं. आज रक्तातली साखर तपासायला गेलो तरी कापसाच्या बोळ्याचा वास आला की मी मान भिंतीकडं फिरवतो, आणि समोरच्या पोरसवदा टेक्निशियनला हसू दाबावं लागतं.

भीती बसलीच होती. फक्त कुत्र्यावर बसली नव्हती.

बी.एड.ला असताना आम्ही अल्बर्टचा प्रयोग घोकला होता. १९२० साली अमेरिकेत जॉन वॉटसन आणि रोझाली रेनर या दोघांनी वर्षाच्या आतल्या एका तान्ह्या पोरावर केलेला. पांढऱ्या उंदराला ते पोर अजिबात भीत नव्हतं. मग उंदीर समोर आणायचा आणि मागं लोखंडी कांबीवर हातोडा हाणायचा. असं काही वेळा केल्यावर नुसता उंदीर दिसला तरी पोर रडायला लागलं, आणि पुढं सशाला, कुत्र्याला, केसाळ कोटालासुद्धा बिचकायला लागलं. प्रयोग दुष्टपणाचाच, आज कुणी करू देणार नाही. पण त्यावरून जो नियम निघाला तो आपल्या सगळ्यांच्या डोक्यात पक्का बसला: कुत्रं अधिक वेदना बरोबर भीती. परीक्षेत मी तेच लिहिलं आणि मार्कही मिळाले. माझ्या पोटरीवरच्या खुणेचा या उत्तराशी मेळ बसत नाही, हे तेव्हा सुचलं नाही.

पुढं वाचनात आलं की हा मेळ दुसऱ्यांचाही बसत नव्हता. १९८८ मध्ये डिनार्डो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्याला भिणारे आणि न भिणारे असे दोन गट घेऊन दोघांना विचारलं, तुम्हाला कुत्र्याचा वाईट अनुभव आलाय का? दोन्हीकडं निम्म्याहून जास्त लोकांना आलेला होता. चावणं, अंगावर येणं, पाडणं, सगळं दोन्हीकडं. फरक पडत होता तो पुढच्या अंदाजात. भिणाऱ्यांची खात्री होती की कुत्रं जवळ आलं की आपल्याला इजा होणार. न भिणाऱ्यांना तसं वाटत नव्हतं. नंतरच्या आणखी एका अभ्यासात असं दिसलं की मोठेपणी कुत्र्याला भिणाऱ्यांचा, भीती बसण्याआधी कुत्र्यांशी फारसा संबंधच आलेला नव्हता. हे वाचलं तेव्हा मला चंपीच्या कानातल्या गोचिड्या आठवल्या. तिनं मला चावायच्या आधी शेकडो वेळा माझ्या हातून भाकरी खाल्ली होती. त्या सगळ्या भाकरींच्या पुढं एका चाव्याचं वजन ते किती पडणार? पोराला आयुष्यात दिसलेलं पहिलं कुत्रंच चावलं, तर त्याच्या हिशेबात दुसरं काही नसतंच.

चाव्याला कारण असतं की नाही, यावरही बरंच ठरतं असं मला वाटतं. आमच्या कॉलनीत एक निवृत्त पोस्टमन आहेत. सारी नोकरी सायकलवर, लोकांच्या फाटकांतून आत-बाहेर. कुत्री भुंकायची, अंगावर यायची, एक-दोनदा पँट फाडली, पण गडी डगमगला नाही. "फाटकाशी गेलं की ते येणारच, आपल्याला ठाऊक असायचं," ते म्हणतात. निवृत्तीनंतर एकदा पहाटे दूध आणायला निघाले. रस्त्याच्या कडेला कुत्रं बसलं होतं, त्याच्याकडं यांनी बघितलंसुद्धा नाही, ओलांडून चार पावलं गेले आणि त्यानं मागून येऊन पिंढरी धरली. ना भुंकणं, ना गुरगुरणं. आता त्यांची इंजेक्शनं दंडात झाली, त्यांचं त्यांना काही वाटलं नाही. जखम खोल होती म्हणून तिच्या भोवतीनं तयार प्रतिपिंडांचंही इंजेक्शन दिलं, ते मात्र झोंबलं म्हणाले. सगळं बरं झालं. पण उजाडायच्या आत ते आता घराबाहेर पडत नाहीत, आणि पडले तर दर दहा पावलांनी मागं वळून बघतात. दूध सूनबाई आणते. त्यांच्या घरातली माणसं चेष्टा करतात, "एवढी वर्षं पोस्टात काढली आणि आता भिताय?" मला ही चेष्टा आवडत नाही. कधीही आणि कशानंही होऊ शकेल अशा गोष्टीला माणूस भ्याला, तर त्यात हसण्यासारखं काय आहे?

तसंच मला न आवडणारं दुसरं वाक्य म्हणजे, "काही करत नाही ओ आमचा." ताराबाई पार्कात संध्याकाळी फिरायला जा, चार कोपऱ्यांवर चार वेळा ऐकायला मिळतं. समोर वासराएवढं लॅब्राडॉर, साखळी सैल, मालकाचा हात मोबाईलवर आणि भिंतीला चिकटून उभी असलेली एखादी बाई. "काही करत नाही ओ." अहो, ते काय करतं हे तुम्हाला माहीत आहे, तिला नाही. कुत्र्यावर प्रेम करणारा मीसुद्धा अशा वेळी त्या बाईच्या बाजूचा असतो. साखळी आखूड धरायला काय जातंय?

आईचं मला नवल वाटतं. इंजेक्शनं संपली आणि ती मला नरसोबाच्या वाडीला घेऊन गेली. नवस बोललेली होती. एसटीतून उतरून, पेढेवाल्यांच्या दुकानांमधून घाटावर गेलो. पाणी पायऱ्यांपर्यंत आलेलं. पादुकांचं दर्शन झालं, औदुंबराला प्रदक्षिणा झाल्या, आणि पायरीवर बसून आईनं फडक्यातली भाकरी सोडली. घाटावर कुत्री असतातच, एक येऊन समोर बसलं. मी पाय वर ओढून घेतले, हे मला चांगलं आठवतं. म्हणजे तोपर्यंत भीतीनं पाऊल टाकलेलंच होतं. आईनं भाकरीचा तुकडा मोडला आणि माझ्या हातात दिला. "दे त्याला." मी तसाच बसलो. "दे म्हणतोय न्हवं मी? दत्ताच्या पायाशी असतंय ते." घरच्या कॅलेंडरवरच्या दत्ताच्या पायाशी चार कुत्री होती, हे खरंच होतं. मी हात पुढं केला. त्यानं मान लांब करून नुसत्या ओठांच्या कडेनं तुकडा उचलला, बोटांना दात लागला नाही, फक्त गरम श्वास आणि ओलसर नाक. मग दुसरा तुकडा, मग तिसरा. या सगळ्या वेळात आईचा दुसरा हात माझ्या खांद्यावर होता, आणि तिची नखं शर्टातून आत रुतत होती. तीच घाबरलेली होती. पण तोंडावर काही दाखवलं नाही.

१९२४ साली मेरी कव्हर जोन्स या मानसशास्त्रज्ञ बाईनं पीटर नावाच्या लहान मुलाची सशाची भीती घालवली. पोराला आवडीचं खायला द्यायचं आणि ससा लांब ठेवायचा, मग थोडा जवळ, मग आणखी जवळ, शेवटी पोर सशाच्या अंगावरून हात फिरवायला लागलं. आजही भीतीवरचे उपचार बरेचसे याच वळणानं जातात. माझी आई सातवी शिकलेली. तिनं फक्त खाणं माझ्याऐवजी कुत्र्याला दिलं.

आता माझ्या बहिणीबद्दल. ती माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. गेली बरीच वर्षं पुण्यात आहे, एका मोठ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, आणि कुत्र्याला इतकी भिते की सोसायटीच्या लिफ्टमध्ये कुणी पॉमेरेनियन घेऊन शिरलं तर ही आठ मजले जिन्यानं जाते. तिलाही कधीच चावलेलं नाही. आम्ही तिला खूप चिडवलं. "चावलं मला, भ्याली ही," हा आमच्या घरातला जुना विनोद. पैलवानाचा प्रसंग होईपर्यंत मी त्या विनोदावर बिनधास्त हसत होतो.

स्टॅन्ली रॅचमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये मांडलं की भीती तीन वाटांनी येते. स्वतःला भोगावं लागून, दुसऱ्याला भिताना बघून, आणि नुसतं ऐकून. ऐंशीच्या दशकात सुझन मिनेका यांनी माकडांवर केलेले प्रयोग यातल्या दुसऱ्या वाटेबद्दल आहेत. प्रयोगशाळेत जन्मलेली माकडं सापाला भीत नव्हती. त्यांना सापाला बघून किंचाळणारी दुसरी माकडं दाखवली, तर थोड्याच वेळात तीही भ्यायला लागली, आणि महिन्यांनंतरही ती भीती टिकून होती. पण फूल बघून माकड भ्यालंय असं चित्रफितीत कापाकापी करून दाखवलं, तर मात्र बघणाऱ्याला फुलाची भीती बसली नाही. म्हणजे काही गोष्टींवर भीती बसायला जागा आधीच तयार असते. दात असलेलं, अचानक धावून येणारं जनावर त्यातलंच एक असणार.

पैलवान तिसऱ्या वाटेचा निघाला. परत एकदा गाठ पडली तेव्हा मी त्याला खोदून विचारलं. गगनबावड्याकडं त्याचं आजोळ. त्याच्या जन्माच्याही आधी तिथं एका माणसाला पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं. महिना-दोन महिने काही नाही, माणूस शेतात राबतोय. मग एके दिवशी तांब्या तोंडाला लावला आणि घशात आचके यायला लागले. पाणी दिसलं की आचके, वारा लागला तरी आचके. त्याला घरातल्या खांबाला बांधून ठेवला होता. हे सगळं आजी रात्री कंदिलाच्या उजेडात सांगायची, आवाजासकट. "त्यो खांब अजून हाय सर त्या घरात," पैलवान म्हणाला. एवढा गडी, पण सांगताना दंडावर काटा आला होता, मी बघितला. आणि आजी काही खोटं सांगत नव्हती. रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की त्यातून माणूस वाचत नाही, हे आजही जवळजवळ तितकंच खरं आहे. वाचतो तो लक्षणांच्या आधी लस घेतलेला. १८८५ च्या जुलैत पाश्चरनं जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या पोराला पहिल्यांदा ती टोचली आणि पोर वाचलं. पुढं तो मोठेपणी पाश्चर इन्स्टिट्यूटचाच द्वारपाल झाला. आजीच्या गोष्टीत हा जोसेफ नव्हता, खांबच होता. पैलवानाला मी जोसेफची गोष्ट सांगितली. त्यानं ऐकून घेतली, मान डोलावली, आणि पुढच्या वळणावर कुत्रं दिसताच पुन्हा माझ्या डाव्या हाताला गेला.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं आधी दिल्लीतली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं आणि दहा-बारा दिवसांत आदेश बदलून नसबंदी, लसीकरण करून बहुतेक कुत्री परत त्याच जागी सोडायला सांगितलं, तेव्हा आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडले. एक म्हणतोय, "तुम्हाला चावल्यावर कळंल." दुसरा म्हणतोय, "मला दोनदा चावलंय, तरी मी जेवायला घालतो." चावा हा दोन्हीकडं हुकमाचा एक्का. मला वाटतं, चावल्यानं त्या विषयात कुणाला जास्त अक्कल येत नाही. माझ्या खुणेमुळं मला लहान पोराच्या आईशी वाद घालायचा हक्क मिळत नाही, आणि तिच्या भीतीमुळं गल्लीतलं प्रत्येक कुत्रं पिसाळलेलं ठरत नाही. मी ग्रुपवर हे लिहिलं, त्यावर दोन्ही तटांनी मिळून मला शिव्या घातल्या. एवढी एकी त्या ग्रुपवर पहिल्यांदाच बघितली.

आणि मी काही अगदीच निर्भय नाही. रात्री उशिरा कुणाला एसटी स्टँडवर सोडून परत येताना कचऱ्याच्या कोंडाळ्याजवळची पाच-सहा कुत्री एकदम उठली की माझे दोन्ही पाय आपोआप गाडीवर वर जातात. मोटारसायकल असो नाहीतर स्कूटर, कोल्हापुरातला प्रत्येक माणूस हे आसन जाणतो. वेग वाढवला की ती जास्त चेकाळतात. वेग कमी करून थांबायच्या बेतात आलं की बहुतेक वेळा तीही थांबतात, आणि आता पुढं काय करायचं अशा चेहऱ्यानं बघतात. हे मला माहीत आहे. तरी पाय वर जातातच. हीच कुत्री गंगावेशीत संध्याकाळी म्हशींची धार काढताना सांडलेलं दूध चाटत उभी असतात, तेव्हा त्यांच्या अंगावरून पाय टाकून माणसं पेला तोंडाला लावतात.

परवा न राहवून बहिणीला फोन केला. म्हटलं, त्या दिवशी तू कुठं होतीस? चंपी चावली तेव्हा? तिला एवढं सगळं आठवत असेल असं वाटलं नव्हतं. म्हणाली, "जोत्यावर. हातात चुरमुरे होते." मग थांबून म्हणाली, "कुत्री मला आठवतच नाही रे दादा. आईच आठवते. आई तशी कधी ओरडली नव्हती. आणि पिठाचे हात तुझ्या पायाला लागले, ते पीठ लाल झालं. सगळी तुला घेऊन गेली आणि मी तिथंच उभी. चुरमुरे सांडलेले होते, ते खायला चंपी आली."

मी काही बोललो नाही. चंपी परत आली होती हे मला आज कळत होतं.

"मग?"

"मग काय, काकूंनी येऊन उचलेपर्यंत मी हललो नाही. तुला वाडीला नेलं तेव्हाबी मला काकूंच्यातच ठेवलेलं. येताना पेढे आणलासा." पुण्यात इतकी वर्षं राहूनही घरी फोनवर बोलताना तिची भाषा सावकाश मंगळवार पेठेत येते. मी म्हटलं, तुला कुणी काही विचारलं नाही त्या वेळी? "मला काय विचारायचं? मला कुठं चावलं होतं?"

थोडा वेळ दोघंही इकडचं तिकडचं बोललो. भाचीची परीक्षा, आईचे गुडघे. फोन ठेवताना ती म्हणाली, "दिवाळीत येणार हाय आम्ही. तुमच्या दारातलं ते तांबडं कुत्रं तेवढं बांधून ठेव."

"अगं, ते माझं कुठाय? गल्लीचं हाय ते."

"भाकरी कोण घालतंय?"

"मीच."

"मग तुझंच की," ती म्हणाली. "साखळी आण."